तक्रार करणं पाप आहे का हो मॅडम?

बडोद्यातल्या आपल्या मराठी ख्रिस्ती बायका मला हा प्रश्न फार विचारतात, म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारून आणि ओळख लपवून.

ताई कारेलीबागेत राहतात, माहेर नगरचं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा त्यांच्या तळमजल्याच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होतं, फ्रीज गेला, गाद्या गेल्या, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना शेजारच्या पोरांनी खुर्चीत बसवून वर नेलं. घर परत लागलं पण ताईंची कुरकुर सुरू झाली ती थांबेचना, सकाळी कामवालीजवळ, दुपारी फोनवर बहिणीजवळ, रात्री मिस्टरांजवळ, आणि ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. मग चर्चमध्ये कुणीतरी बायबलमधलं, पौलाच्या पत्रातलं फिलिप्पैकरांस 2:14 हे वचन दाखवलं, जे कराल ते कुरकुर न करता करा. ताईंनी इतकं मनावर घेतलं की बोलणंच सोडलं. मग भांडी आपटायला लागली, बीपी वाढलं, झोप गेली, त्यात आपण देवाला आवडत नाही ही भीती वेगळीच.

मी त्यांना बायबलमधल्या गणना पुस्तकाचा 11 वा अध्याय वाचायला दिला. त्यात मिसर म्हणजे इजिप्तमधून सुटून आलेले इस्राएल लोक आपापल्या तंबूच्या दारात रडत बसलेत, मिसरातली मासळी, काकड्या, कांदे, लसूण आठवून, आणि देव त्यांच्यावर रागावतो. पण त्याच अध्यायात त्यांचा पुढारी मोशे पण वैतागलाय! तो सरळ देवालाच म्हणतो की एवढ्या लोकांचा भार मला एकट्याला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक. त्याच्यावर देव रागावत नाही, भार वाटून घ्यायला 70 वडील देतो. मला हा फरक फार मोठा वाटतो. दुःख दोघांनाही होतं, पण मोशे ते जिथे सांगायला हवं तिथे जाऊन सांगतो.

मग आम्ही तक्रारींची एक वही केली. प्रत्येक तक्रारीपुढे लिहायचं, हे कुणाच्या हातात आहे आणि त्याला सांगितलंय का. सासूबाईंचं रात्रीचं डायपर, कूस बदलणं, यापुढे त्यांनी लिहिलं पुण्याचे दीर. सांगितलंय का, तर नाही.

"त्यांना कळायला नको का मॅडम?"

"कळत नसेल तर, ताई?"

त्या बराच वेळ रडल्या. घरी जाऊन स्तोत्र 142 मोठ्याने वाचलं, त्यात दावीद आपलं गाऱ्हाणं देवापुढे ओततो, आणि दुसऱ्या दिवशी दिरांना फोन लावला. दीर आधी चिडले, वहिनी तुम्ही कधी बोललाच नाहीत म्हणाले, पण आता रात्रीच्या आयाबाईंचे पैसे तेच पाठवतात. ताई झोपतात.

गुडघेदुखी आहे, पावसाची धास्ती आहे, याला कुणाला फोन लावणार? तिथे मात्र पौलाचं समाधान कामी येतं, त्याने ते फिलिप्पैकरांचं पत्र कैदेत असताना लिहिलंय, कुठल्याही स्थितीत तृप्त राहायला मी शिकलोय म्हणतो. ताई पण शिकतायत, अधूनमधून कुरकुर होते, चालायचंच.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकीला सांगते. घरात मारहाण होत असेल तर ते सांगणं म्हणजे कुरकुर नाही, कुणी वचन दाखवून गप्प बसवलं तरी बसू नका, गुजरातमध्ये 181 वर अभयम ही बायकांसाठीची हेल्पलाइन आहे, दिवसरात्र कधीही लावा.