एलएलएमच्या (कायद्यातील पदव्युत्तर पदवीच्या) लघुप्रबंधासाठी "कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायदा" हा विषय घ्यावा का, आणि परदेशी लेखांपैकी काय वाचावे?

विषय अवश्य घ्यावा, पण या नावाने घेऊ नये. अशा शीर्षकाचे लघुप्रबंध मी परीक्षक म्हणून बरेच तपासले आहेत आणि बहुतेकांचा साचा एकच असतो: "कृत्रिम बुद्धिमत्ता" हे नाव जिच्यामुळे रूढ झाले त्या १९५६ च्या डार्टमथ परिषदेपासून आरंभ, मग व्याख्या, मग युरोपीय संघाचा कायदा, आणि शेवटी "भारतातील कायदे अपुरे असून नव्या कायद्याची नितांत गरज आहे" हा निष्कर्ष. आपला कायदा नेमका कोठे अपुरा पडतो, हे बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा मूळ मजकूर) उघडून कलमानिशी दाखविलेले क्वचितच आढळते.

हे मी तळमळीने लिहिते आहे, कारण २०१८ साली पीएचडीसाठी संशोधन समितीपुढे मी जो आराखडा ठेवला तो अशाच एका कलमावर होता. कॉपीराइट अधिनियम, १९५७ चे कलम २(डी)(६) असे सांगते की संगणकनिर्मित कृती ज्या व्यक्तीमुळे निर्माण झाली, ती व्यक्ती त्या कृतीची कर्ती (ऑथर) होय. १९९४ च्या दुरुस्तीने हा उपखंड कायद्यात आला. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यातही अशी तरतूद आहे. परंतु तेथे "संगणकनिर्मित" म्हणजे जिला मानवी कर्ता नाही अशी कृती, ही व्याख्या दिलेली आहे आणि संरक्षणाची मुदतही कृती तयार झालेल्या वर्षापासून ५० वर्षे अशी स्वतंत्रपणे ठरविलेली आहे. आपल्या कायद्यात शब्द आला, व्याख्या आली नाही, मुदतीचा स्वतंत्र विचारही झाला नाही. मग कृती "ज्या व्यक्तीमुळे" निर्माण झाली ती व्यक्ती कोण: प्रणाली घडविणारा, तिला माहिती पुरविणारा, की तिला एका ओळीची सूचना देणारा? माझा आराखडा एवढ्याच प्रश्नावर होता.

समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी आराखड्याचे पहिले पान वाचले, त्या उपखंडाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाले, "एका उपखंडात तीन वर्षांचे संशोधन कोठे आहे? यंत्रमानवाच्या कायदेशीर व्यक्तित्वावर लिहा, सध्या जगभर तेच चालले आहे." युरोपीय संसदेने फेब्रुवारी २०१७ मध्ये "इलेक्ट्रॉनिक व्यक्ती" या कल्पनेचा विचार व्हावा असा ठराव केला होता, म्हणजे यंत्राला स्वतःच्या नावे हक्क आणि जबाबदाऱ्या असाव्यात का याचा, त्याचा तो प्रभाव होता. माझे मार्गदर्शक गप्प राहिले, मीही गप्प राहिले, आणि विषय बदलला.

पुढे काय झाले ते सांगते. २०२० मध्ये आपल्याच कॉपीराइट कार्यालयाने "सूर्यास्त" नावाच्या चित्राची नोंदणी करताना एका सॉफ्टवेअरला सहकर्ता म्हणून नोंदविले आणि नंतर ती नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा कायदा २०२४ मध्ये आला, त्यात यंत्राच्या व्यक्तित्वाचा मागमूस नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनविणाऱ्या ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायालयाला साहाय्य करण्यासाठी नेमलेल्या दोन न्यायमित्रांपैकी (अमिकस क्युरी) एक, अरुल जॉर्ज स्कारिया, हे कॉपीराइट कायद्याचे प्राध्यापक आहेत. त्या दाव्यातील प्रश्न कर्तेपणाचा नाही हे खरे. पण बातम्या साठवून त्यांवर प्रणालीला प्रशिक्षण देणे हे उल्लंघन ठरते का, आणि कलम ५२ मधील न्याय्य वापराचा अपवाद त्याला लागू होतो का, हे प्रश्न १९५७ च्या अधिनियमातील शब्दांवरच सुटायचे आहेत. अभ्यासकाचा उपयोग तेथे होतो.

परदेशी लेखांपैकी निदान तीन वाचावेत, तिन्ही अमेरिकी कायदेतज्ज्ञांचे. पामेला सॅम्युएलसन यांनी संगणकनिर्मित कृतींच्या मालकीवर १९८६ मध्ये लिहिले, म्हणजे आपली दुरुस्ती होण्याच्या आठ वर्षे आधी. लॉरेन्स सोलम यांचा १९९२ चा लेख यंत्राच्या व्यक्तित्वावर आहे. यंत्राला विश्वस्त नेमता येईल का, इतका साधा प्रश्न घेऊन ते पुढे जातात, म्हणून तो आजही टिकून आहे. फ्रँक ईस्टरब्रुक यांनी १९९६ मध्ये असे मांडले की घोड्यांची विक्री, घोड्यांच्या लाथा आणि घोड्यांच्या शर्यती यांवरचे निवाडे एकत्र केल्याने "घोड्यांचा कायदा" नावाची विद्याशाखा तयार होत नाही. त्यासाठी करार, अपकृत्य (टॉर्ट) आणि मालमत्ता यांचे सर्वसाधारण नियमच शिकावे लागतात. ते इंटरनेटविषयी बोलत होते, पण कृत्रिम बुद्धिमत्तेवरील आजच्या निम्म्या लेखनाला ते तंतोतंत लागू पडते.

अर्थात इंटरनेटच्या स्वतंत्र अभ्यासातून कायद्यालाही काही शिकता येते, हे लॉरेन्स लेसिग यांनी १९९९ मध्ये ईस्टरब्रुक यांना दिलेले उत्तरही वजनदार आहे, आणि पोलिसांची चेहरा ओळखणारी यंत्रणा किंवा कर्ज नाकारणारी स्वयंचलित प्रणाली अशा ठिकाणी जुनी कलमे खरोखरच कमी पडतात. युरोपच्या माहिती-संरक्षण नियमातील कलम २२ सारखी, केवळ यंत्राने घेतलेल्या निर्णयापासून संरक्षण देणारी तरतूद आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती अधिनियमात नाही. व्यक्तित्वाचा विषयही निरर्थक नाही. देवतेच्या मूर्तीला विधिक व्यक्ती मानणाऱ्या देशात तो मुळापासून लिहिता येईल, मात्र तो युरोपच्या ठरावापासून सुरू करू नये.

तुमच्या समितीनेही "एका उपखंडात एवढे काय आहे?" असे विचारले, तर कॉपीराइट अधिनियमाचे कलम २२ पुढे ठेवा. त्यानुसार संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालते. कृती निर्माण होण्यास कारण झालेली "व्यक्ती" एखादी कंपनी असेल, तर ही ६० वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची, हे समितीलाच विचारा. मी त्या दिवशी हे विचारायला हवे होते.