परदेशी निघालात? आधी लायसन्सवरच्या तारखा वाचा

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव शहर, पत्र कुठूनही आलं तरी विचारणा तीच असते. मुलगा नाहीतर मुलगी परदेशी निघालीय, ‘इंटरनॅशनल लायसन्स’ काढून द्यायचंय, ते किती वर्षं चालतं? बावीस वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. या दोन शब्दांनी जेवढा गोंधळ घातलाय तेवढा दुसऱ्या कशानं घातलेला नाही. म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतलेत. एक विनंती आधीच करतो. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आणि बदलणारे असतात, तेव्हा निघण्याआधी त्या देशाच्या वाहन खात्याचं अधिकृत संकेतस्थळ स्वतः वाचा. शेजाऱ्याच्या भाच्याला विचारून निर्णय घेऊ नका.

प्रश्न : आमच्या ओळखीचा ट्रॅव्हल एजंट पाच वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स अकरा हजारांत घरपोच देतो म्हणतोय. आरटीओत जावं लागत नाही म्हणे. घ्यावं का? (निपाणी)

अजिबात घेऊ नका. आगाऊ पैसे दिले असतील तर आजच परत मागा.

आपल्याकडे जे मिळतं त्याचं नाव इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी. ते आरटीओ देतं. सरकारी शुल्क १,००० रुपये. अर्ज नमुना ४-अ मध्ये करायचा, सोबत चालू लायसन्स, पासपोर्ट आणि व्हिसा. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि तुमचं मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. पाच वर्षांचा आयडीपी भारतात कुणालाच मिळत नाही. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेनंतर देशभर एकाच नमुन्याची पुस्तिका ठरली, तिच्यावर क्यूआर कोड असतो. एजंट जे गुळगुळीत रंगीत कार्ड विकतात त्याला कुठल्याच देशाची मान्यता नसते. परक्या देशात ते पोलिसापुढं धरलंत तर दंडावर भागेल की बनावट कागद दाखवल्याची चौकशी लागेल, हे त्या पोलिसाच्या हातात.

खरा आयडीपीसुद्धा स्वतंत्र लायसन्स नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारातून आलेली ही सोय आहे. तुमच्या भारतीय लायसन्सवर काय लिहिलंय ते परक्या अधिकाऱ्याला वाचता यावं, एवढंच तिचं काम. मूळ कार्ड घरी कपाटात ठेवून नुसती पुस्तिका नेलीत तर ती निरुपयोगी आहे.

प्रश्न : लर्निंग लायसन्सवर आयडीपी मिळतो का? (हिंडलगा)

नाही.

प्रश्न : मोबाइलमध्ये डिजिलॉकरला लायसन्स आहे. परदेशात ते दाखवलं तर चालेल ना? (शहापूर)

भारतात चालतं. बाहेर मूळ कार्ड खिशात हवं.

प्रश्न : मुलगी ऑक्टोबरपासून जर्मनीत नोकरीला आहे. आयडीपी वर्षभराचा आहे, म्हणजे वर्षभर काळजी नाही, असं तिचे मित्र सांगतात. बरोबर आहे का? सुट्टीला आली की पुढचा आयडीपी काढून देऊ का? (टिळकवाडी)

मित्र सांगतात ते चूक आहे, आणि या चुकीची किंमत फार मोठी आहे. हे उत्तर लांबेल, पण जर्मनीला न जाणाऱ्यांनीही वाचा.

आयडीपीवर एक तारीख असते. ती कधी संपते ते भारत सरकार ठरवतं. पण तुमचं लायसन्स किती दिवस मानायचं हे ठरवायचा हक्क त्या देशाचा, आणि तो देश दिवस मोजतो ते तुम्ही तिथले रहिवासी झालात तिथपासून. या दोन मुदतींचा एकमेकींशी काही संबंध नाही. जर्मनीत राहायला गेल्यापासून आपलं लायसन्स सहा महिने चालतं. एका वर्षापेक्षा जास्त राहणार नाही हे कागदोपत्री दाखवता आलं तरच ते बारा महिन्यांपर्यंत वाढवून मिळू शकतं. नोकरीवर गेलेल्याला हे दाखवणं अवघड. म्हणजे तुमची मुलगी ऑक्टोबरात तिथं राहायला गेली असेल, तर एप्रिलमध्ये तिचा गाडी चालवण्याचा हक्क संपतो. आयडीपीवर पुढच्या ऑक्टोबरची तारीख दिसत राहिली तरीही.

सुट्टीत नवा आयडीपी काढून देण्याचाही उपयोग नाही, कारण मुदत आयडीपीची संपलेली नसते, रहिवाशाला दिलेली सवलत संपलेली असते. काहीजण आठवडाभर नेदरलँड्सला जाऊन परत येतात आणि सहा महिने नव्यानं सुरू झाले असं समजतात. होत नाहीत. काहीजण लायसन्सशिवाय जातात, मग सुट्टीत इथं येऊन भारतीय लायसन्स काढून नेतात. जर्मनीचे रहिवासी असताना काढलेलं परदेशी लायसन्स जर्मनी मानत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याच एका विद्यार्थ्याचा रात्री साडेअकराला फोन आला. दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी मागं घेताना त्यानं शेजारच्या गाडीचा दरवाजा चेपला होता. कुणाला खरचटलंही नव्हतं. पोलिसानं लायसन्स आणि आयडीपी दोन्ही पाहिलं, मान डोलावली, आणि मग विचारलं, पत्त्याची नोंदणी कधी केलीस? नऊ महिने झाले होते. तिथून पुढं ते प्रकरण चेपलेल्या दरवाजाचं राहिलं नाही, विनापरवाना गाडी चालवल्याचं झालं. जर्मन कायद्यात त्याला दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद आहे. विमा कंपनी समोरच्याची भरपाई देते, पण ती ५,००० युरोपर्यंत तुमच्याकडून वसूल करू शकते, आणि तुमच्या स्वतःच्या गाडीचा खर्च नाकारू शकते. मुलगा हुशार, गाडी सांभाळून चालवणारा. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याला शिकवलं होतं, मीही नाही. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला मी गाडीत बसवण्याआधी हे सांगतो.

मुलीला सांगा, पहिल्या महिन्यातच तिथल्या वाहन कार्यालयात अर्ज करायचा. भारतीय लायसन्स देऊन जर्मन लायसन्स घ्यायची थेट अदलाबदल नाही. लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. नवशिक्याला सक्तीचे असलेले तास मात्र तुमच्या मुलीला सक्तीचे नाहीत, कारण तिच्याकडं चालू लायसन्स आहे. परीक्षेला बसायचं ते ड्रायव्हिंग स्कूलमार्फतच. डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा वर्ग आणि लायसन्सचं मान्यताप्राप्त भाषांतर लागेल. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. अर्ज मार्गी लागायलाच कित्येक आठवडे जातात, म्हणून पाचव्या महिन्यात जाग येऊन उपयोग नसतो. तिच्या व्हिसाच्या प्रकारानुसार काही फरक पडतो का, हे तिनं त्याच कार्यालयात लेखी विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत मुदतीबाहेर स्टेअरिंगला हात लावू नये.

प्रश्न : माझं लायसन्स कोल्हापूरचं, एमएच-०९. लग्नानंतर बेळगावात राहते. आता आम्ही कॅनडाला, ओंटारिओत चाललोय. आधी लायसन्स कर्नाटकचं करून घ्यावं लागेल का? (अनगोळ)

लायसन्स भारतभर चालतं. एमएच आणि केए या भांडणाचा त्याच्याशी संबंध नाही. ‘दुसऱ्या राज्याचं लायसन्स एक वर्षच चालतं’ हे मी रोज ऐकतो. ती अट गाडीच्या नोंदणीची आहे, बारा महिन्यांची. माणसाच्या लायसन्सची नाही. फक्त आयडीपीचा अर्ज राहत्या पत्त्याच्या आरटीओत करायचा असतो, म्हणून पत्ता आधी सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी संकेतस्थळावर, बदलून घ्या.

तुम्ही विचारलं नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. ओंटारिओत नव्या रहिवाशाला आपल्या लायसन्सवर ६० दिवस चालवता येतं, पुढं तिथली परीक्षा. पण तुमचा दोन वर्षांहून जास्त अनुभव सिद्ध झाला तर मधल्या टप्प्यात थांबावं लागत नाही, थेट शेवटच्या रोड टेस्टला बसता येतं. नुसतं कार्ड दाखवून तो अनुभव पूर्ण धरत नाहीत. लायसन्स देणाऱ्या कार्यालयाचं किंवा भारतीय वकिलातीचं लेखी पत्र लागतं. त्यासाठी निघण्याआधी आरटीओतून ‘डीएल एक्स्ट्रॅक्ट’, म्हणजे लायसन्सच्या नोंदीचा उतारा, काढा आणि त्यावर लायसन्स पहिल्यांदा कधी मिळालं ती तारीख आहे का बघा. नूतनीकरण झालेल्या लायसन्सची पहिली तारीख नोंदीतून सुटली असेल, तर बारा वर्षं चालवणारी बाई तिथं दोन वर्षांची ठरते. जुनं कार्ड असेल तर फेकू नका. आणि लायसन्स जुन्या पुस्तिकेचं असेल तर ते सारथीत चढलंय का हे आधी पाहा. चढलं नसेल तर बॅकलॉग एंट्रीसाठी, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवण्यासाठी, आरटीओत जावं लागतं, त्याला वेळ लागतो. तिकीट काढल्यावर नव्हे, व्हिसाचा अर्ज केल्याच दिवशी हे काम हाती घ्या.

प्रश्न : लायसन्सवर ‘एस. एम. पाटील’ असं आहे, पासपोर्टवर पूर्ण नाव. शिवाय जन्मगाव पासपोर्टवर बेळगाम, आधारवर बेळगावी. अडेल का? (येळ्ळूर)

गावाच्या नावाची काळजी करू नका. १ नोव्हेंबर २०१४ ला ते अधिकृतपणे बदललं, आणि अशी जुनी-नवी नावं परदेशातले अधिकारी नेहमी पाहतात. तुमच्या नावाचं मात्र दुरुस्त करून घ्या. इकडं आद्याक्षरं लावायची सवय, तिकडं पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, आडनाव वेगळ्या रकान्यात. परदेशातला कारकून ही दोन वेगळी माणसं धरू शकतो. लायसन्सवर पासपोर्टसारखं नाव करून मगच आयडीपी काढा. अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

प्रश्न : माझ्याकडं हेवी लायसन्स आहे. पोलंडला ट्रक ड्रायव्हर म्हणून पाठवतो, आपल्याच लायसन्सवर चालतं, चार लाख भरा, असं एजंट म्हणतोय. (चिकोडी)

भाऊ, पैसे देऊ नका. युरोपात व्यावसायिक ट्रकला त्यांच्या वर्गाचं लायसन्स आणि त्यावर ‘कोड ९५’ ही प्रशिक्षणाची नोंद लागते. आपल्या हेवी लायसन्सवर ते होत नाही. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाची १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदणी हवी. तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो. चार लाख मागतो तिथंच त्याचं खरं रूप कळतं. त्याचा नोंदणी क्रमांक मागा, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासा. क्रमांक सांगायला टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिरा. दुबई, अबुधाबीकडं जाणाऱ्यांनाही हेच सांगणं. तिथं रहिवासी व्हिसा लागला की आयडीपी चालत नाही, तिथलंच लायसन्स काढावं लागतं. त्याचा खर्च कंपनी करणार की तुम्ही, हे करारात लिहून घ्या.

प्रश्न : इंग्लंडमध्ये आलो. पंधरा वर्षं चोर्ला घाटातून गोव्याला गाडी नेलीय, इथंही डाव्या बाजूनंच चालवतात. मग मला परीक्षा कशाला? (मूळ खानापूर)

कारण कायदा तसा आहे. राहायला गेल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्स चालतं. त्यानंतर तुम्ही तिथं शिकाऊ ठरता, गाडीला ‘एल’ लावून, शेजारी अनुभवी माणूस बसवून चालवायची. म्हणून प्रोव्हिजनल, म्हणजे तिथल्या शिकाऊ लायसन्सचा अर्ज लवकर करा, रोड टेस्टची तारीख मिळायला महिने जातात.

लेखी परीक्षेत ५० पैकी ४३ लागतात. धोका ओळखायची चित्रफितींची परीक्षा वेगळी, तिला ७५ पैकी ४४. रस्त्यावर १५ पर्यंत किरकोळ चुका माफ, गंभीर एकही नाही. घाटात चालवणारे नापास होतात ते आरशात न बघितल्यामुळं आणि आधी थांबायचं तिथं हॉर्न देऊन पुढं घातल्यामुळं. एक छोटी गोष्ट आधीच हातात बसवा. आपल्या मारुती, ह्युंडाईत इंडिकेटरची दांडी स्टेअरिंगच्या उजवीकडं असते. तिथल्या बहुतेक गाड्यांत डावीकडं. परीक्षक ‘पुढं डावीकडं वळा’ म्हणतो आणि आपल्या माणसाचे वायपर कोरड्या काचेवर फिरायला लागतात. तिथल्या शिक्षकाकडं चार-पाच तास लावाच. ऑटोमॅटिक गाडीत परीक्षा दिलीत तर लायसन्सही ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं.

प्रश्न : मुलगा ३९ वर्षांचा, तीन वर्षांसाठी बाहेर चाललाय. लायसन्स चाळिसाव्या वर्षी संपतं. माघारी आल्यावर करू म्हणतो. (वडगाव)

आत्ताच करायला सांगा. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट. परदेशात असताना आयडीपी संपला तर २०२१ पासून भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करता येतो, पण त्यालाही मूळ लायसन्स जिवंत लागतं.

प्रश्न : नऊ वर्षांनी दुबईहून कायमचा परत आलो. तिथलं लायसन्स चालू आहे, इथलं २०२१ मध्ये संपलं. तोवर दुबईचं दाखवून चालवू का? (बेळगाव)

नाही. इथं कायम राहणाऱ्याला भारतीय लायसन्सच लागतं, आणि तुमचं संपून एक वर्षापेक्षा जास्त झालंय, त्यामुळं टेस्ट द्यावी लागेल. दोन्ही कार्डं, पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा घेऊन या आठवड्यातच आरटीओत जाऊन या. तोवर गाडी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.