निकाल माहीत असताना मॅचची बातमी परत कशाला वाचायची?

तुमचा प्रश्न असा की मॅच लाइव्ह बघून झाली, स्कोअर तोंडपाठ आहे, मग दुसऱ्या दिवशी पेपरात तेच, यूट्यूबवर परत तेच, एवढा वेळ का घालवता. माझी आई पण हेच विचारते, कोकणीत, "तेंच तेंच कितें वाचता रे?" तिला अजून धड उत्तर देता आलेलं नाही, तुम्हाला देऊन बघतो.

मी फोंड्याचा. आमचा फुटबॉल क्लब एफसी गोवा, त्याची मॅच मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला असली की जमेल तेव्हा जातो, आणि खरं सांगू का, स्टेडियममध्ये मॅच नीट दिसतच नाही. वातावरण एक नंबर, ढोल-बिल सगळं, पण पलीकडच्या गोलपोस्टपाशी नक्की काय झालं ते कोणाला विचारायचं? टीव्हीसारखे चार बाजूंनी रिप्ले नाहीत, कॉमेंट्री नाही, शेजारचा माणूस पेनल्टी पेनल्टी ओरडतो म्हणून आपण पण ओरडायचं. त्यामुळे बातमी मी निकालासाठी वाचत नाही, मी बघितलं ते खरंच तसं होतं का ते तपासायला वाचतो. आणि अर्ध्या वेळा रिपोर्टरशी मनातल्या मनात भांडायला.

उदाहरण देतो. 20 डिसेंबर 2015, आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल, आपल्याच फातोर्ड्याला, समोर चेन्नईची टीम चेन्नईयिन. 87व्या मिनिटाला आपल्या जोफ्रेने गोल केला, आपण 2-1 पुढे. सगळे सीटवर उभे, माझा मित्र तर घरी फोन लावून बसला होता की जिंकलो म्हणून. 90व्या मिनिटाला पलीकडे गर्दीत काहीतरी झालं आणि 2-2, आणि इंज्युरी टाइममध्ये त्यांच्या मेंडोझाने तिसरा मारला. संपलं. मोटरसायकलवरून बोरीच्या पुलावरून परत येताना आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. आता गंमत अशी की 2-2 चा तो गोल कसा झाला ते मला माहीतच नव्हतं! आणि जाणून घ्यायचंही नव्हतं, हरलो की मी पेपर उघडत नाही, मोबाइलवर काही बघत नाही, जिंकलो की मात्र मराठी-इंग्लिश मिळून चार पेपर आणतो. (हे चुकीचं आहे, माहितेय.) तीनचार दिवसांनी आईने बांगडे साफ करायला खाली पेपर अंथरला आणि मला त्या पानावर दिसलं, तो स्वयंगोल होता, म्हणजे आपल्याच जाळ्यात गेलेला, आपला गोलकिपर कट्टीमनीच्या नावावर लागलेला. बांगडे बाजूला सरकवून मी ती बातमी पूर्ण वाचली. आई बघत राहिली.

हे वेड कुठून आलं ते पण सांगतो. आमच्या घरी फुटबॉल कोणाला नव्हता, फुटबॉल म्हणजे सासष्टीवाल्यांचा, मडगावकडच्या लोकांचा, आम्ही क्रिकेटवाले, असं वडिलांचं म्हणणं. त्यांचा देव क्रिकेटपटू दिलीप सरदेसाई, कारण तो जन्माने मडगावचा. 1971 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात त्याने 642 रन केले, त्यात किंग्स्टनला 212, हे वडील असे सांगायचे की जणू ते तिथे पॅव्हिलियनमध्ये बसले होते. बसले कुठले, तेव्हा शाळेत होते आणि टीव्ही नव्हताच. रेडिओ आणि दुसऱ्या दिवशीचा पेपर, तोही कोणाच्या तरी दुकानात उभ्याउभ्या वाचलेला. पण त्यांना त्या इनिंग्जमधलं जेवढं आठवायचं तेवढं मला मी डोळ्यांनी बघितलेल्या मॅचमधलं आठवत नाही.

मग कोविड आला. 2020-21 ची अख्खी आयएसएल गोव्यात खेळवली, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, आणि आत प्रेक्षक नाहीत. सगळ्या देशाची लीग आपल्या दारात आणि आपण बाहेर. एका संध्याकाळी मडगावहून येताना फातोर्ड्याचे फ्लडलाइट लागलेले दिसले, गाडी बाजूला लावून मोबाइलवर मॅच लावली. आतून रेफ्रीची शिट्टी ऐकू यायची आणि मोबाइलवर तोच फाउल थोड्या वेळाने दिसायचा. दहाएक मिनिटं उभा राहिलो असेन, मग पोलिसाने बघितलं तसा निघालो. पुढे एप्रिल 2021 मध्ये एफसी गोवा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या (आशियातल्या क्लबांची मोठी स्पर्धा) ग्रुपमध्ये खेळणारा पहिला भारतीय क्लब झाला, कतारच्या अल रय्यानबरोबर 0-0, त्यांचा कोच लॉरेंट ब्लांक म्हणजे 98 च्या वर्ल्ड कपवाल्या फ्रान्स टीममधला, आणि ते पण रिकाम्या स्टेडियममध्ये. 0-0 ची बातमी मी चारदा वाचली. वाचण्यापलीकडे हातात होतं काय?

सगळं कव्हरेज मी डोक्यावर घेत नाही पण. ऑक्टोबर 2025 ला अल नस्र, रोनाल्डोची सौदी टीम, फातोर्ड्याला आली तेव्हा टीव्हीवर आधी आठवडाभर रोनाल्डो येणार का, आणि मग दोन दिवस रोनाल्डो का आला नाही. अरे, मॅच झाली की! आपण 2-1 हरलो पण आपल्या ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला, आणि तो गोल कसा बांधला गेला हे बघायला मला यूट्यूबवर शोधत बसावं लागलं. जो माणूस विमानातच चढला नाही त्याच्यावर इतके तास? त्या दिवसापासून चारपाच जण एकदम ओरडणारे शो बंद केले. ट्रान्सफरच्या अफवा तर कधीच सोडल्या.

सोडत नाही ते लोकल पान. त्यात आमच्यासारख्या गावातल्या टीमच्या मॅचला कधीतरी चार ओळी मिळतात. मागे आमची मॅच 4-4 झाली, दोन रेड कार्ड, एक पेनल्टी पोस्टला लागली, शेवटी लोक मैदानात. पेपरात आलं, "सामना बरोबरीत सुटला." बस. आमच्या स्ट्रायकरने तेवढं पण कापून ठेवलंय, आणि त्याचं नाव त्यात आलेलंच नाही.