पिल्लांना झटके येतायत, स्ट्रेप्टोकोकस जीवाणूचा नेमका कुठला स्ट्रेन (उपप्रकार) आहे हे कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नात आहे ते असं: महूच्या बाजूला डुकरांचा फार्म, चाळीस माद्या. दूध तोडल्यावर दोन-तीन आठवड्यांत पिल्लं आडवी पडून पाय मारतात, मान मागे ओढली जाते, काहींचे सांधे सुजतात. नाकाच्या स्वॅबवरून इंदूरच्या एका लॅबने ‘स्ट्रेप्टोकोकस सुइस’ लिहून दिलं आणि आता त्यातला स्ट्रेन कुठला, लस कुठली, हे तुम्हाला हवंय.

तो नाकाचा रिपोर्ट आधी बाजूला ठेवा. धडधाकट डुकराच्या नाकात आणि टॉन्सिलमध्ये हा जीवाणू असतोच, आणि एकाच डुकरात त्याचे दोन-तीन सीरोटाइप (बाहेरच्या कवचावरून पडणारे प्रकार) सुखाने नांदतात. नाकात सापडलेला आणि मेंदूत घुसलेला एकच असेल याची काही खात्री नाही. त्या स्वॅबवर लस बनवून घेतली तर बहुधा पैसे नाल्यात. नमुना अशा जागेचा हवा जिथे एरवी जीवाणू नसतोच: मेंदूचं आवरण, सुजलेला सांधा, हृदयातलं रक्त, प्लीहा. फुप्फुसात सगळ्यांची गर्दी असते, त्यामुळे फक्त फुप्फुस पाठवून भागत नाही.

त्याही आधी, हा जीवाणूचाच प्रकार आहे ना ते बघा. पाणी बंद पडलं तरी डुकरं अशीच झटके देतात. पाण्याचं निपल दाबून खाली मापाचं भांडं धरा. दूध तोडलेल्या पिल्लांना मिनिटाला अर्धा ते एक लिटर पाणी यायला हवं. इंदूरच्या आसपास नमकीनच्या कारखान्यांचा चुरा खायला घालणारे बरेच आहेत. त्या चुऱ्यात मीठ असतं, आणि वरून मे महिन्यात टाकी अर्धा दिवस रिकामी राहिली की मिठाची विषबाधा होते. त्यात कल्चर करून, म्हणजे लॅबमध्ये जीवाणू वाढवून, काही हाती लागत नाही. दुसरं, ई. कोलाय जीवाणूचा सूज रोग. पापण्या सुजलेल्या, चाल झिंगल्यासारखी, आवाज बसलेला, आणि मरतात ती बहुतेक कळपातली सगळ्यात गुटगुटीत पिल्लं. त्याला एफ18 आणि एसटीएक्स2ई या जनुकांची पीसीआर (जनुक ओळखणारी चाचणी) लागते, ती वेगळी मागावी लागते.

मोठी डुकरंही मरत असतील, तापाबरोबर कान-पोट लाल-जांभळं होत असेल, तर चिरफाड न करता थेट सरकारी पशुवैद्यकाला बोलवा. आफ्रिकन स्वाइन फीवर 2020 मध्ये आसामात सापडला आणि 2022 मध्ये मध्य प्रदेशात रीव्यापर्यंत आला. त्याची खात्री भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. घसा भयंकर सुजून जनावर अचानक मेलं किंवा नाका-गुदातून न गोठणारं रक्त येत असेल तरी सुरी लावायची नाही. तो अँथ्रॅक्स असू शकतो.

आता नमुना. निम्मं काम इथेच बिघडतं. मेलेलं जनावर फुकटचं म्हणून लोक तेच पाठवतात, ते रात्रभर पडून फुगलेलं असतं आणि लॅबमध्ये आतड्यातले जीवाणू उगवतात. त्याऐवजी आजच झटके सुरू झालेली, अँटिबायोटिक न टोचलेली दोन-तीन पिल्लं, वेगवेगळ्या माद्यांची, निवडा. टोचलेल्या पिल्लाच्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही तर त्याचा अर्थ ‘रोग नाही’ असा होत नाही. शक्य असेल तर पिल्लं जिवंतच महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. वेदनारहित मरण आणि शवविच्छेदन तिथे एकाच टेबलावर होतं. तुमच्या अंतरावर हाच सगळ्यात चांगला मार्ग. मात्र आधी फोन करून जा.

फार्मवरच नमुना काढायचा झाला तर ते काम पशुवैद्यकाचं, तुम्ही सामान तयार ठेवा. सांध्यावरची कातडी धुऊन, स्पिरिट लावून वाळू द्यायची आणि सुईने मिलि-दोन मिलि पाणी ओढायचं. निरोगी सांध्यातलं पाणी स्वच्छ, पिवळसर आणि तार सुटेल असं चिकट असतं. इथे ते गढूळ, पातळ, कधी पिठासारखे कण असलेलं येईल. कवटी उघडल्यावर स्वॅब मेंदूच्या खालच्या बाजूच्या आवरणावर फिरवायचा. प्लीहा किंवा यकृताचा पृष्ठभाग लाल तापवलेल्या सुरीने डागून, त्या डागातून आत स्वॅब घालायचा, म्हणजे वरची घाण आत जात नाही. स्वॅब कोळसा घातलेल्या एमीज माध्यमाचे (यात जीवाणू वाटेत जिवंत राहतात) घ्या, दवा बाजारात मिळतात. कोरडा कापूस नको. थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक, त्यावर वर्तमानपत्राची घडी, मग स्वॅब: 2 ते 8 अंश. फ्रीजरमध्ये टाकायचं नाही, नमुना गोठला की जिवंत जीवाणू कमी होतात. 24 तासांत पोचवा.

आणि हातमोजे. स्ट्रेप्टोकोकस सुइस माणसालाही होतो, हाताच्या छोट्या जखमेतून शिरतो, मेंदूज्वर होतो आणि बरं झाल्यावरही कायमचा बहिरेपणा राहू शकतो. चीनच्या सिचुआनमध्ये 2005 साली 215 माणसांना झाला, त्यातली 38 गेली. मोज्यांच्या खोक्याला किती पैसे लागतात, हिशोब करा.

लॅबला फॉर्मवर नुसतं ‘कल्चर’ लिहू नका. पिल्लांचं वय, लक्षणं, दिलेली औषधं, नमुना कुठल्या अवयवातला, हे सगळं लिहा, आणि ‘ग्लासेरेला पॅरासुइसही बघावा’ अशी ओळ टाका. हा दुसरा संशयित जीवाणू याच वयात सांधे सुजवतो आणि मेंदूही धरतो. पोट उघडलं की आतड्यांवर भुर्जी पसरल्यासारखा पिवळसर थर दिसतो. साध्या ब्लड अगरवर (जीवाणू वाढवायच्या रक्त घातलेल्या माध्यमावर) तो उगवत नाही, कारण त्याला एनएडी हा पोषक घटक लागतो. प्लेटवर एनएडी सोडणाऱ्या स्टॅफिलोकोकस जीवाणूची एक रेघ ओढली की त्या रेघेच्या काठाशी त्याच्या बारीक कॉलन्या दिसतात. ती रेघ ओढली नाही तर रिपोर्ट येतो ‘वाढ नाही’, आणि तुम्ही भलत्याच रोगामागे लागता.

स्ट्रेप्टोकोकससाठी मेंढीचं 5 टक्के रक्त घातलेलं अगर, 37 अंश, 24 तास, हवेत थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड. त्यासाठी इन्क्युबेटर नसेल तर बरणीत पेटती मेणबत्ती ठेवून झाकण घट्ट लावायचं; ती विझली की काम झालं. कॉलन्या बारीक, राखाडी, किंचित बुळबुळीत, भोवती हिरवट छटा. कॅटालेज चाचणी निगेटिव्ह, 6.5 टक्के मिठात वाढ नाही. एवढ्यावर ‘सुइस’ म्हणणं घाईचं आहे, त्याचे जवळचे नातेवाईक याच वेषात येतात. रेकएन जनुकाची पीसीआर पॉझिटिव्ह आली की नाव पक्कं समजा.

मग तुमचा खरा प्रश्न, सीरोटाइप. तो जीवाणूच्या बाहेरच्या कॅप्सूलवरून ठरतो. पूर्वी 35 मानत, त्यातले सहा दुसऱ्या प्रजातींत गेल्यावर आज 29 उरलेत. कॅप्सूलच्या जनुकांची मल्टिप्लेक्स पीसीआर (एकाच वेळी अनेक जनुकं शोधणारी) बहुतेकांना वेगळं करते, पण दोन जोड्यांत ती अडकते: 2 आणि 1/2, तसंच 1 आणि 14. प्रत्येक जोडीतला फरक कॅप्सूलच्या सीपीएसके जनुकातल्या 483 क्रमांकाच्या एका डीएनए-अक्षराचा: 2 आणि 14 मध्ये तिथे जी असतं, 1 आणि 1/2 मध्ये टी किंवा सी. तेव्हा रिपोर्टवर ‘2 किंवा 1/2’ आलं तर लॅबला दोष देऊ नका, त्या जनुकाचं सिक्वेन्सिंग (अक्षर-अक्षर वाचन) मागा. ‘टाइप होत नाही’ असा शेराही येतो, बऱ्याचदा कॅप्सूलच गळून पडलेलं असल्यामुळे. हृदयाच्या झडपेवरून काढलेल्या स्ट्रेनमध्ये हे जास्त दिसतं. मेंदूचा नमुना असेल तर आधी त्याचं टायपिंग करा.

सीरोटाइप म्हणजे गाव, घर नव्हे. एकाच सीरोटाइप 2 मध्ये घातक आणि सौम्य दोन्ही असतात. घर शोधायला एमएलएसटी लागते. त्यात सात जनुकं वाचून स्ट्रेनला एसटी क्रमांक देतात. सिचुआनचा स्ट्रेन एसटी7 होता. जोडीला एमआरपी, ईपीएफ आणि एसएलवाय हे घातकपणाचे मार्कर बघतात, पण ते नसले म्हणून स्ट्रेन निरुपद्रवी असं मानू नका. संपूर्ण जीनोम वाचून घेतला तर हे सगळं आणि प्रतिकाराची जनुकंही एका फटक्यात कळतात. या टायपिंगसाठी आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था), इज्जतनगर, बरेली किंवा गुवाहाटीजवळ राणी इथलं राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र यांना आधी विचारून मगच नमुना पाठवा.

निकाल वाचताना वेगवेगळ्या माद्यांच्या दोन-तीन पिल्लांत तोच सीरोटाइप, तोच एसटी आला, तर एकच स्ट्रेन फार्मवर फिरतोय आणि त्यावरून बनवलेल्या लशीला अर्थ आहे. मारलेल्या जीवाणूची लस साधारण त्याच सीरोटाइपपुरती चालते, दुसऱ्याला अडवत नाही. प्रत्येक पिल्लात वेगळाच निघाला तर लस विसरा आणि हवा, गर्दी, वेगवेगळ्या वेतांची पिल्लं एकत्र करणं हे तपासा. पीआरआरएस या डुकरांच्या विषाणूजन्य रोगाची चाचणीही करा. हा विषाणू भारतात 2013 मध्ये मिझोराममध्ये सापडला, आणि तो असला की स्ट्रेप्टोकोकसला आत शिरायला वाट मोकळी होते.

टायपिंगला आठवडे लागतील. तोवर थांबायचं नाही, संवेदनशीलता चाचणी (कुठलं अँटिबायोटिक चालतं ते सांगणारी) पहिल्याच कल्चरवर मागा, ती दोन-तीन दिवसांत येते. बहुतेक स्ट्रेन पेनिसिलिन गटाला अजून ऐकतात, टेट्रासायक्लिन आणि टायलोसिनला मात्र प्रतिकार सर्रास आहे. दुकानदाराने कोलिस्टिन हे अँटिबायोटिक पुढे केलं तर घेऊ नका: स्ट्रेप्टोकोकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंवर ते चालत नाही, आणि खाद्य-जनावरांसाठी भारतात 2019 पासून बंदीच आहे. लॅबला एक गोष्ट लेखी सांगून ठेवा: स्ट्रेन ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर जपून ठेवा. लस बनवायची ठरली किंवा पुढच्या वर्षी पुन्हा मरतुक झाली तर तीच कुपी लागेल, आणि बऱ्याच लॅब रिपोर्ट गेला की प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने जीवाणू मारायच्या यंत्रात) टाकतात.