काय खाल्ल्याने मन आनंदी राहतं? नैराश्यावर आहाराचा खरंच उपयोग होतो का?

केळी, अक्रोड, डार्क चॉकलेट ही यादी तुम्हाला आधीच कुणीतरी दिली असणार, म्हणून परत देत नाही. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण खाल्लेलं सेरोटोनिन मेंदूत पोचत नाही. आपल्या अंगातलंही नव्वद टक्क्यांच्या आसपास आतड्यातच तयार होतं आणि तेही मेंदूत शिरत नाही. त्यामुळे "केळं खा, हसत राहा" असं कुणी सांगितलं तर केळं खावं आणि बाकीचं सोडून द्यावं.

मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "घरातलं वातावरण चांगलं असेल तर आहाराने असा काय फरक पडतो?" हे वाक्य मी सव्वा वर्ष ऐकलंय. त्यातलं 'वातावरण' म्हणजे मी होते.

आमचं घर माळकरी, सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात, सासऱ्यांना मामा. आमच्या आत्या म्हणजे पहाटे पाचला धारा काढायला बसणाऱ्या, गोठ्यात म्हशीशी आणि स्वयंपाकघरात माझ्याशी एकाच पट्टीत बोलणाऱ्या. २०१८ च्या पावसाळ्यात त्या बोलायच्याच थांबल्या. भांडण नाही, रुसवा नाही. विचारलं तर उत्तर, नाहीतर गप्प.

एका शनिवारी मी पतसंस्थेतून अडीचला घरी आले तर आत्या सोप्यात मेथीची जुडी मांडीवर घेऊन बसलेल्या. चार काड्या निवडलेल्या. मी कपडे बदलले, भांडी विसळली, चहा टाकला, बाहेर आले. आत्या तशाच, काड्याही चारच. मेथी कोमेजून त्यांच्या लुगड्याला चिकटली होती. म्हटलं, आत्या, काय होतंय? म्हणाल्या, "काय न्हाई गं. कशात मन लागंना." चाळीस वर्षं संध्याकाळी भजन तोंडपाठ म्हणणारी बाई तिसऱ्या ओळीला अडकायला लागली होती. पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि त्यांना पत्ताच नसायचा, तशाच पुढे चालत जायच्या. जीभ लालबुंद, गुळगुळीत, ठेचा लावला की डोळ्यांत पाणी. हे सगळं आम्ही बघत होतो. बघत होतो म्हणजे काय, समोर होतं.

निदान वन्संनी केलं. त्या पुण्याला असतात, गौरीला आल्या होत्या. "सून घरात आली तशी माझी आई मिटत गेली." मी घरात येऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती, पण असो. पुरावा म्हणून त्यांच्याकडे अंडं होतं. माझा मुलगा तालमीत जायचा, त्याला मी गच्चीवर वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात अंडी उकडून द्यायचे. ते आत्यांनी मनाला लावून घेतलं, माळकऱ्याच्या घराचं सत्त्व गेलं, असं वन्संचं म्हणणं. भावकीत सगळ्यांना पटलं. ह्यांनाही थोडंसं पटलं, आणि ते मी विसरलेले नाही.

मग वन्संनी आईला रक्तवाढीच्या गोळ्या आणून दिल्या, लोह आणि फॉलिक ॲसिडच्या. हिमोग्लोबिन साडेआठवरून दहावर आलं, सगळे खूश. पायाला यायच्या त्या मुंग्या मात्र घोट्यापासून पोटरीपर्यंत चढल्या. पुढे कळलं ते असं: बी१२ हे जीवनसत्त्व कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो आणि नसांचं बिघडणं आत चालूच राहतं. ह्या फॉलिक ॲसिडचा माग पहिल्यांदा आपल्या मुंबईत लागला, हे मला मुलाने सांगितलं (तो आता फार्मसीला आहे). लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण १९२८ साली मुंबईत आली, गरोदर बायकांचा, त्यात गिरणीत राबणाऱ्याही, पंडुरोग (अंगात रक्त कमी होणं) तिने अभ्यासला, आणि यीस्टच्या अर्काने त्या सुधारतात हे दाखवलं; तो गुण फॉलिक ॲसिडचा, हे पुढे कळलं. गरीब बायकांच्या ताटात काय पडतं हे बघायला ती साता समुद्रापलीकडून आली. आम्ही एका चुलीवर जेवत होतो आणि आत्यांच्या ताटात कुणी डोकावलं नव्हतं.

मी डोकावले ते साताऱ्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा. त्याआधी एकाने झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, दुसऱ्याने "वय झालं" म्हणून परत पाठवलं होतं. वय एकसष्ट! ह्या डॉक्टरीणबाईंनी मन वगैरे बाजूला ठेवून आधी विचारलं, "दिवसभरात काय खाता?" आत्या म्हणाल्या, "समदं खाते." मग मी मनात मोजायला लागले आणि मलाच लाज वाटली. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. वर दोन एकादश्या, चतुर्थी. उपासाला साबूदाणा, वरी, रताळं आणि कोरा चहा. बाकीचे दिवस सगळ्यांचं झाल्यावर भाकरी आणि पातेल्याला लागलेली आमटी. म्हशी दोन, दोन्ही वेळचं मिळून बारा-तेरा लिटर दूध, आणि घरात राहायचं चहापुरतं पावशेर. बाकी किटली डेअरीला. दही नातवाला, ताक मामांना. आत्यांना दूध "सोसत नाही". ते कधी सोसेनासं झालं हे कुणालाच आठवेना. बहुधा डेअरीचा पहिला पगार आला तेव्हापासून.

बी१२ भाजीपाल्यात, धान्यात, डाळीत मिळत नाही. मांस, मासे, अंडी, नाहीतर दूध-दही. माळकरी माणसाला दूध-दही एवढाच आधार, आणि तो रोज सकाळी सहाला सायकलवरून डेअरीत जात होता. त्यात साखरेची मेटफॉर्मिनची गोळी नऊ वर्षं चालू, तिने बी१२ शोषलं जाणं कमी होतं. पित्ताची गोळीही रोज सकाळी, आणि अन्नातलं बी१२ सुटं व्हायला लागणारं आम्लच ती कमी करते. अहवालात आकडा आला ९८. त्याच कागदावर खालची मर्यादा २०० छापलेली होती.

इंजेक्शनं सुरू झाली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. औषध लालभडक असतं, आत्या पहिल्यांदा बघून म्हणाल्या, "कुणाचं रगात हाय हे?" साधारण महिन्याने एके रात्री जेवताना त्यांनी घास थांबवला आणि म्हणाल्या, "भाजीत मीठ घातलंय का नुसतं दावलंय?" मी आत जाऊन रडले. इतक्या वर्षांत त्या वाक्याचा मला पहिल्यांदाच आनंद झाला.

आणि हे काही आमच्या एका घरातलं नाही. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते, खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. २००६ साली ते छापून आलं. ६७ टक्क्यांचं बी१२ कमी. त्यातही सगळ्यांत जास्त शहरी मध्यमवर्गात. हे पुरुषांचं, बरं का, ज्यांना आधी वाढतात त्यांचं.

म्हणून 'सात्त्विक आहाराने मन शांत होतं' हे मला कुणी ऐकवू नये. आत्यांच्या ताटात सात्त्विकाशिवाय दुसरं काही नव्हतंच. मन इतकं शांत झालं होतं की मेथी निवडायची राहिली. माळेवर माझा राग नाही. आत्यांनी अजून अंड्याला हात लावलेला नाही, मीही कधी म्हटलं नाही. रोज दोन पेले दूध आणि वाटीभर दही, ते त्या माझ्यासमोर बसून, तोंड वाकडं करून संपवतात. डेअरीचं माप दीड लिटरने उतरलं म्हणून मामा महिनाभर धुसफुसत होते. गुरुवार-शनिवार सोडले. सोमवार सोडायला तयार नाहीत, तर निदान दूध घालून चहा.

आता तुमचा प्रश्न. आहाराने नैराश्य कमी होतं का? २०१७ साली ऑस्ट्रेलियात ६७ रुग्णांवर बारा आठवडे एक प्रयोग झाला. निम्म्यांना डाळी, भाज्या, मासे, ऑलिव्ह तेल असा आहार शिकवला, निम्म्यांशी नुसत्या गप्पा मारल्या. आहारवाल्यांपैकी साधारण तिघांत एक नैराश्यातून बाहेर आला, गप्पावाल्यांत बारात एक. पण माणसं थोडी, आणि कोणत्या गटात आहोत हे ज्याला-त्याला माहीत. पुढे २०१९ साली युरोपात हजारावर जाड्या माणसांपैकी निम्म्यांना वर्षभर जीवनसत्त्वांच्या आणि ओमेगा-३ च्या गोळ्या देऊन पाहिल्या, त्याने नैराश्य येणं टळलं नाही. म्हणजे कमी असेल ते भरलं तर फरक पडतो, भरलेल्यात आणखी ओतून काही नाही. हजार-दोन हजारांच्या डब्यातल्या पावडरी घेऊ नका. आधी बी१२, थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि तपासणीआधी स्वतःच इंजेक्शन टोचून घेऊ नका, आकडा खोटा येतो.

एक सांगायचं राहिलं, आणि ते लपवलं तर वन्संसारखीच मी होईन. डॉक्टरीणबाईंनी आत्यांना नैराश्याची गोळीही दिली होती. आठ महिने चालली, मग त्यांनीच हळूहळू कमी करत बंद केली. आत्या गोळीने सुधारल्या की इंजेक्शनाने, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. मुंग्या आणि जीभ इंजेक्शनाने, एवढं नक्की. तुमची कुणाची गोळी चालू असेल तर माझं वाचून बंद करू नका. आणि मरणाचे विचार येत असतील तर ताट-वाटी राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.

तो ९८ चा कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय. गेल्या दिवाळीला वन्सं आल्या तेव्हा म्हणाल्या, अलीकडे तळपाय बधिर वाटतात, वयाने असेल. त्यांचेही चार उपास आहेत, शिवाय वजन कमी करायला दूध बंद केलंय. मी दोनदा सांगितलं तपासून घ्या, दोनदा त्या म्हणाल्या बघू. तिसऱ्यांदा सांगणार नव्हते. काल फोन केला.