आईच्या आजाराचं जनुक शोधायचंय

(पत्र थोडक्यात : मला ऑटोइम्यून हिपॅटायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटण्याचा आजार आहे. चार वर्षांपासून गोळ्या सुरू आहेत. मुलगी बारावीला आहे, गणित दहावीनंतर सोडलं. पोट्टी हट्टाला पेटली आहे, ‘तुझ्या आजाराचं जनुक मी शोधणार’ म्हणते. नातेवाईक म्हणतात, ड्रॉप घेऊन नीटच दे. आणि खरं सांगू, तिलाही हा आजार होईल का? – एक आई, नागपूर)

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण पत्र त्यासाठीच लिहिलंय असं वाटलं.

आपल्या विदर्भात आनुवंशिक आजार म्हटलं की सिकलसेल डोळ्यांपुढे येतो. तिथे हिशेब सरळ आहे. एका जनुकात एक बदल, आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका. तुमचा आजार तसा चालत नाही. त्यात सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए जनुकांचा वाटा मोठा. ही जनुकं प्रथिनांचे तुकडे प्रतिकारशक्तीच्या टी पेशींपुढे धरणारी खोबण घडवतात. खोबणीचा आकार जरा बदलला की वेगळा तुकडा पुढे येतो, आणि कधीकधी पेशी आपल्याच यकृतावर उलटतात. पण जनुकाचा तसा वाण (प्रकार) असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. मुलीचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त, तरी कमीच. तिची तपासणी करायची की नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. बाजारातल्या ‘डीएनए रिपोर्ट’वर पैसे घालू नका.

आता तिचा हट्ट. ‘आजाराचं जनुक’ असं एक सापडणारच नाही. उत्तर युरोपीय लोकांत डीआरबी१ जनुकाचे ०३:०१ आणि ०४:०१ हे वाण पुढे येतात, जपानमध्ये ०४:०५. शिवाय एचएलएबाहेरच्या जागा, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. त्या शोधायला हजारो लोकांच्या डीएनएमधल्या लाखो जागा ताडून पाहतात. दहा लाख जागा तपासल्या आणि शंभरात पाच इतकी चूक चालवून घेतली, तर नुसत्या योगायोगानं पन्नास हजार जागा ‘दोषी’ ठरतील! म्हणून दहा कोटींत पाच इतकी कडक अट ठेवतात. हे काम परीक्षानळीपेक्षा संख्याशास्त्राचं जास्त आहे, आणि नेमकं गणितच तिनं सोडलंय. मला काळजी नीटच्या गुणांची नाही, याची आहे.

ड्रॉप घ्यावा का? तिला रुग्ण तपासायचे असतील तर घ्यावा. एमबीबीएस, एमडी, डीएम मिळून साडेअकरा वर्षं लागतात, आणि तुमच्यासारख्यांना बरं वाटवणारे शेवटी तेच. पण तिला ‘का झालं’ हे शोधायचं असेल तर वर्ष नीटला कशाला द्यायचं? आयसर या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, आयएटी, द्यावी. जीवशास्त्र, रसायन, भौतिकसोबत गणिताचेही प्रश्न असतात, तेवढी तयारी आजपासून. नाही जमलं तर इथेच बीएस्सी, सोबत संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग, मग एमएस्सी, नेट-जेआरएफ ही संशोधन फेलोशिपची परीक्षा. फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे, म्हणजे पीएचडीचा भार तुमच्यावर पडणार नाही. पुढे जनुकांवर काम करणाऱ्या संस्था : दिल्लीची आयजीआयबी, हैदराबादची सीसीएमबी, कल्याणीची एनआयबीएमजी. घर सोडावं लागेल, हे आत्ताच मनाशी धरा. नुसत्या बायोटेक पदवीवर नागपुरात बसून असं काम मिळणं कठीण.

भारतीयांवर काम कमी झालंय, हीच तिची संधी. जीनोमइंडिया प्रकल्पानं दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली.

एक छोटं काम तिला द्या. अशा आजारात अ‍ॅझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी बऱ्याचदा देतात, तुमच्या पाकिटावरही कदाचित तेच नाव असेल. ती सुरू करताना डॉक्टर वारंवार सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) का सांगतात? एनयूडीटी१५ नावाच्या जनुकाचा त्याच्याशी काय संबंध, आणि आशियाई लोकांत तो जास्त महत्त्वाचा का? एक पान लिहून आणू दे. सोबत अकरावीच्या गणितातलं संभाव्यतेचं प्रकरण सोडवून आणायला सांगा. दोन्ही घेऊन रविवारी या, थकवा असेल तर तिला एकटीलाच पाठवा.