मचाणासाठी झाड निवडताना

आपण यंदा प्रथमच परवाना काढून अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या जंगलात पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला जाणार आहात, म्हणून मचाणाच्या जागेविषयी लिहितो. नवखा शिकारी आधी चढायला सोपे झाड शोधतो. वास्तविक आधी वारा पाहावा. हरणाची दिवसभराची विश्रांतीची दाट झाडी आणि त्याचे खाद्य, म्हणजे मक्याचे शेत किंवा पांढऱ्या ओकच्या खाली पडलेली फळे, यांना जोडणारी पायवाट सापडली, की तिच्यापासून वीसेक यार्डांवर असे झाड निवडावे, जिथून आपला गंध त्या वाटेकडे किंवा विश्रांतीच्या झाडीकडे वाहत जाणार नाही. उतारावर हे गणित बदलते, कारण वारा पडलेला असेल तर ऊन तापल्यावर हवा वर चढते आणि संध्याकाळी गार होऊन खाली उतरते. म्हणून सकाळचे मचाण आणि संध्याकाळचे मचाण एकच असावे, हा हट्ट मला पटत नाही. नोव्हेंबरच्या माजाच्या काळात नर माद्यांच्या शोधात दिवसाही फिरतात, तेव्हा दोन रानांना जोडणारी झाडीची चिंचोळी पट्टी उत्तम. मचाणापर्यंत जाण्याची वाटही तितकीच महत्त्वाची आहे. हरणे उठवून पोहोचलात, तर झाड कितीही उत्तम असले तरी दिवस वाया गेला. झाड जिवंत व सरळ असावे, पाठीशी फांद्यांचा आडोसा असावा, आणि जमीन सोडल्यापासून पुन्हा खाली उतरेपर्यंत अंगावरचा सुरक्षापट्टा झाडाला बांधलेल्या दोराला अडकवलेलाच राहू द्यावा.